सहायक प्रशिक्षकाची गुप्त भाषा

तमाम मराठी जनांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, कोल्हापूरच्या एका कॉलेजचा एकेकाळचा राइट बॅक, म्हणजे प्रस्तुत लेखक, हा सध्या न्यूझीलंडातील हॅमिल्टन शहरी, रोटोटुना उपनगरात, लहान मुलींच्या फुटबॉल संघाचा सहायक प्रशिक्षक असून, गेल्या मोसमाच्या शेवटच्या शनिवारी त्याचे हे पद भीषण संकटात सापडले होते. ऐकणाऱ्यांनी शक्य असल्यास उभे राहावे.

माझी खेळाडू म्हणून कारकीर्द चटकन सांगून होते. कॉलेजच्या संघात होतो, बराचसा बाकावर. आयुष्यात एक गोल केला, तोही गुडघ्याने, आणि खरं तर मी तो चेंडू बाहेर काढायला गेलो होतो. पण कोल्हापुरात फुटबॉल खेळलेला माणूस पोट सुटल्यावरही स्वतःला माजी म्हणवून घेत नाही. त्यामुळे इथे दूध पावडरीच्या कारखान्यात यंत्रं सांभाळत वर्षं गेली आणि एके दिवशी लेकीच्या संघाच्या मुख्य प्रशिक्षिकेने, "पालकांपैकी कोणी खेळलंय का?" असं विचारलं, तेव्हा तिचं वाक्य संपायच्या आत माझा हात वर होता. ही बाई इस्पितळात नर्स आहे आणि दव गोठलेल्या गवतावरही जँडल्स, म्हणजे साध्या रबरी चपला, घालून येते. "स्वीट ॲज," म्हणजे 'झकास', असं ती म्हणाली आणि चेंडूंची जाळी माझ्या खांद्यावर टाकली.

सहायक प्रशिक्षक म्हणजे काय, तर जाळी वाहायची, नाड्या बांधायच्या, मध्यंतराला संत्री कापायची. मी त्यात स्वतःच्या जबाबदारीवर एक भर घातली. ओरडणं. आमच्याकडे रेषेबाहेरचा माणूस आतल्यापेक्षा जास्त खेळतो. पण इंग्रजीत ओरडलं की समोरच्या संघालाही कळतं. म्हणून मी मुलींना 'सोड', 'मार', 'मागे', 'थांब' असे मराठी शब्द शिकवले. महिनाभरात आमची सामोअन विंगर 'सोड!' अशी काही आरोळी ठोकू लागली, की ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढे. आम्ही जिंकू लागलो.

नाखूश होती ती फक्त माझी लेक. आमच्या क्लबात मोसमाच्या शेवटी, पुढच्या वर्षी कोण प्रशिक्षक हवेत, हे मुलींनाच विचारतात. त्या शनिवारी गाडीत ती म्हणाली, अर्थात इंग्रजीत, कारण ती मराठी फक्त ऐकते, "बाबा, बाकीच्यांना तू चालतोस. मी अजून ठरवलं नाही. तू हीप्स ओरडतोस. ढीगभर!"

हे हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. बारावं लागल्यापासून तिच्या खोलीचं दार बंद असतं. शनिवारी सकाळी, बूट, चिखल आणि फुटबॉल, एवढ्यापुरतीच ती माझी असते. तीच नाही म्हणाली, तर मी पुन्हा गाडी पार्क करून थर्मासातला चहा पिणारा बाप होणार.

सामना न्यू लिनहून आलेल्या संघाशी होता. मी 'सोड' म्हणालो की त्यांच्या मुली पास घेणाऱ्या मुलीपाशी आधीच हजर. 'मागे' म्हणालो की त्याही मागे. आमच्यावर एक गोल झाला. मग मला पलीकडच्या रेषेवर घडीच्या खुर्चीत एक आजीबाई दिसल्या. नऊवारी, वर फुगीर जाकीट, कानाला मफलर. माझी प्रत्येक आरोळी त्या शेजारच्या सुनेला समजावून सांगत होत्या आणि सून ती इंग्रजीत मैदानात फेकत होती!

मध्यंतराला संत्री टाकून मी तिकडे धावलो.

"आजी, हे बरं नव्हं!"

"का ओ? तुम्ही बोंबलायचं आणि आम्ही ऐकायचं न्हाई व्हय?" मग डोळे बारीक करून, "कोल्हापूर का? कुठल्या पेठेतलं?"

मी पेठ सांगितली. त्यांचा चेहरा असा उजळला, की त्या शत्रूपक्षाच्या पेठेतल्या आहेत हे त्यांनी सांगायची गरजच उरली नाही.

"तरीच," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडं बचाव पहिल्यापासनं गळकाच. माझी नात गोलीला उभी हाय. तिला गोल मारून दावा."

परत आलो तर लेक कमरेवर हात ठेवून उभी. "बाबा, आता एक शब्द नाही. आमचं आम्ही बघतो. एकदा जरी ओरडलास, तर माझं मत नाही."

मी माझ्या गळ्यातल्या मफलरचं टोक तोंडात कोंबलं. उत्तरार्ध मुलींनी आपला आपण खेळला आणि, सांगायला जड जातं, पूर्वार्धापेक्षा झकास खेळला. बरोबरी झाली. शेवटच्या मिनिटांत चेंडू लेकीकडे आला. समोर एकटी गोली, डावा कोपरा उघडा, आणि ही बया विचार करत थांबली! मी मफलर चावत होतो. लोकर घशात जात होती.

तेवढ्यात मैदानभर मराठी घुमलं, "अगं मार की! बघतीस काय नुसती!"

लेकीने मारला. डाव्या कोपऱ्यात, जाळीत.

मग ती तडक माझ्याकडे आली, लालबुंद. "यू प्रॉमिस्ड!" मी तोंडातून हातभर ओली लोकर बाहेर काढली आणि पलीकडे बोट दाखवलं. आजी खुर्चीतून उठून उभ्या होत्या, पदर तोंडावर दाबून. लेकीने त्यांच्याकडे पाहिलं, मफलरकडे पाहिलं आणि खो खो हसत माझ्या कुशीत डोकं खुपसलं. "ओके, बाबा. नेक्स्ट इयर टू."

पलीकडे गोलमध्ये उभ्या असलेल्या नातीने मात्र हातमोजे काढून गवतावर आपटले आणि ती केकाटली, "आजी! यू आर *माय* आजी!"