परवाचं बटण

इनामगावातल्या एका घरची नवरी सासरी गेली, पाव्हणे पांगले, उरलेली बुंदीसुद्धा संपली, आणि मग त्या दारात दुसरा मांडव उभा राहिला. पहिला अजून उतरवलाही नव्हता. शेजारच्या तानुबाई हातातलं काम टाकून आल्या. "धाकटीचं बी जमलं व्हय? आन् आम्हाला सांगितलं न्हाई." धाकटी तेव्हा चौथीत होती.

हा पराक्रम माझा. २००३ सालची गोष्ट. शिरूरच्या स्टँडसमोर लालमहंमदचाचांचा गादी कारखाना, आणि त्याच्या माळ्यावर त्यांच्या मुलीचं, तहमीनाताईचं, सॉफ्टवेअरचं दुकान. तिच्या हाताखाली मी. शिक्रापूरच्या पोपटराव मंडपवाल्यांना आम्ही प्रोग्रॅम करून दिला होता: कुणाचं लग्न कधी, काय पोचवायचं, काय उचलून आणायचं. तारीख टाईप करायचा त्यांना कंटाळा, म्हणून मी हुशारी केली आणि तीन बटणं दिली. आज, उद्या, परवा. इनामगावचं लग्न परवाच होऊन गेलेलं. तिथलं सामान उचलायचं म्हणून पोपटरावांनी 'परवा' दाबलं. माझ्या बटणाला परवा म्हणजे फक्त पुढचा ठाऊक. त्यानं लग्न पुढं ढकललं आणि मांडव पोचवायची चिठ्ठी छापली. गड्यांनी चिठ्ठीचा मान राखला.

पोपटराव माळा चढून आले ते धापा टाकतच. "मॅडम, येत्या तिथीला माझी दोन लग्नं हायेत."

"मामा, मामींना माहितीय का?" ताईनं विचारलं.

"मांडवाची हो. तवा चुकलं तर मशीन इथं आणून टाकीन, आन् सगळ्या तालुक्याला सांगीन का हिचं काय घेऊ नका."

तहमीनाताईकडं गिऱ्हाईक तेवढं एकच. दौंडला एसटीनं ये-जा करून शिकलेलं सगळं ज्ञान आता त्या दोन मांडवांवर टांगलेलं. मला वाटलं, आता ती माझी वरात काढणार. तिनं कॉम्प्युटर बंद केला आणि चपला घातल्या. "चल, गोदामात."

पोपटरावांच्या गोदामात आम्ही उपड्या पातेल्यांवर बसलो. पोपटराव फोनवर बोलत होते. "परवाची कढई आली का?" म्हणताना त्यांचा हात खांद्यावरून मागं गेला. पुढच्या फोनला, "परवा वाजंत्री धाडतो," म्हणताना तोच हात दाराकडं.

"बघितलंस? तू नुसतं ऐकलंस, हात बघितला नाहीस."

"ताई, पण कॉम्प्युटरला हात दिसत नाय."

"म्हणून तर तुला पगार देते."

दुकानात परतल्यावर तिची दुसरी खोड. नवं काही लिहिण्याआधी ती खाली जाऊन सगळा प्रोग्रॅम अम्मीला सांगायची. अमीरबी कापूस भरता भरता ऐकायच्या. कळायचं काहीच नाही, पण दर वाक्याला "मग?" म्हणायच्या, आणि कुठल्या तरी "मग?"ला ताई स्वतःच अडकून माळ्यावर पळायची. मी हसलो, म्हणून या वेळी मला बसवलं.

"परवा दाबलं की मी तारखेत दोन दिवस मिळवतो."

"मग?"

"मग मांडव जातो."

"कशाला जातो रे बाबा? लग्न तर झालं ना."

मी उठून माळ्यावर पळालो.

मला एका दमात सगळंच बदलायचं होतं. ताईनं हात धरला. एक गोष्ट बदल, चालवून बघ, मगच दुसरी. परवाचं बटण गेलं, कॅलेंडर आलं. चालवलं. मग एक प्रश्न घातला: लग्न झालं, की व्हायचंय? पुन्हा चालवलं. मी म्हटलं, झालं, देऊन टाकू. ती म्हणाली, "आधी कुणाला तरी मोडू दे."

मोडायला तिनं हौसरावांना बोलावलं. हे पोपटरावांचे गडी, प्लास्टिकच्या खुर्च्यांचे काळ. "मामा, बिघडवून दाखवा. भज्यांची प्लेट आमच्याकडून."

हौसराव एका बोटानं कळा दाबत राहिले. मग बोट हवेतच थांबलं. "साखरपुडा झालाय, हळद व्हायचीय, आन् मांडव तोच ठेवलाय. मी काय दाबू?"

तहमीनाताई हसत हसत गाद्यांच्या ढिगावर कोसळली. मीही. खालून अमीरबींचा आवाज आला, "मग?"

तिनं डोळे पुसले आणि तो प्रश्नच काढून टाकला. लग्नाचं आपल्याला काय करायचंय? नवा प्रश्न घातला: सामान न्यायचंय, की आणायचंय? हौसरावांनी उरलेली सगळी बोटं वापरून बघितली. मोडेना.

तिथीच्या दिवशी एक गाडी खुटबावला गेली, दुसरी शिक्रापुरातच. ताई फोनपाशी बसून गादीतला कापूस उपसत होती, चाचा परत भरत होते. शेवटी खुटबावहून पोपटराव बोलले. "मांडव उभा हाय. नवरीबी हजर हाय. शिक्रापुरातबी तसंच. मशीन ऱ्हाऊ द्या. आन् माझा मेव्हणा हाय मंडपवाला, त्याला धाडतो तुमच्याकडं."

मेव्हणा आला, त्याच्या मागून आणखी आले. हौसराव मात्र स्टँडवर भेटले की भजी विचारतात. मी ताईकडं बोट दाखवतो, कारण पैज तिनं लावली. ती माझ्याकडं दाखवते, कारण चूक माझी.



हौसराव दोघांच्या बोटांकडं बघतात आणि स्वतःच्या पैशानं चहा पितात.