देवीच्या लॉरीसाठी फोडलेला गतिरोधक

मोठा रस्ता भुयारी रेल्वेसाठी खणला आणि मिनीबस, टॅक्सी साऱ्या आमच्या भवानीपूरच्या गल्लीत शिरल्या. गल्लीत प्राथमिक शाळा. शेजारची पहिलीतली मुलगी शाळेच्या दारातच टॅक्सीखाली आली, पाय मोडला. मी कॉलेजात होते, पत्रकं लिहायचा हात बसलेला. लिहिलं: ‘गाड्यांना घाई आहे, मुलांना एकच जन्म आहे.’ महापालिकेत अर्ज दिला. उत्तर नाही.

आमच्या पाड्याच्या, म्हणजे मोहल्ल्याच्या, क्लबच्या सेक्रेटरींना सगळे दादा म्हणत. ते म्हणाले, “अर्ज कसले करतेस? विटा आण.” रविवारी क्लबच्या पोरांनी शाळेसमोर विटा-डांबराचा गतिरोधक घातला. ड्रायव्हर शिव्या द्यायचे, पण ब्रेक दाबून द्यायचे. दादा येणाऱ्याजाणाऱ्याला मला दाखवत, “ही आमच्या पाड्याची मुलगी. मराठी नुसती नावाला.”

मग दुर्गापूजा आली. विसर्जनाच्या सकाळी पहारींचा आवाज ऐकून खाली धावले. तीच पोरं गतिरोधक फोडत होती.

“लॉरीला धक्का बसला तर मूर्तीचे हात तुटतील,” दादा म्हणाले. “दहा आहेत, सांभाळायचे तरी किती?” पोरं हसली.

“लॉरी हळू न्या. तो घातलाय कशासाठी?”

“पूजा होऊ दे, पुन्हा घालू.”

विसर्जनानंतर घरोघरी जाऊन थोरांच्या पाया पडायचं, मिठाई खायची, ही तिथली रीत. मी दादांकडे गेले. आत पोलीस चौकीवरचे साहेब बसले होते. रस्त्यात ते विटांचं कोणी केलं होतं, असं विचारत होते.

“वरच्या मजल्यावरची मराठी मुलगी,” दादा सांगत होते. “बदलीवाले लोक, आज इथे, उद्या कुठे. आमच्या पोरांना तिनेच भरीला घातलं.”

मी दारात होते. त्यांनी मला पाहिलं आणि नमस्कारासाठी पाय जरा पुढे घेतले.

मी वाकले नाही. “कोजागरीच्या लक्ष्मीपूजेनंतर शाळा उघडते. विटा कधी?”

“दिवाळीतली कालीपूजा होऊ दे. तिचीही लॉरी इथूनच जाते. घे, संदेश खा.”

मी ती मिठाई घेतली नाही. शाळा उघडली त्या सकाळी दारासमोर रस्त्यात हात आडवे करून उभी राहिले. मुलं पलीकडे गेली. खोळंबलेल्या टॅक्सीवाल्याने मान बाहेर काढली. “दीदी, पाड्याने स्वतःहून रस्ता मोकळा केला. तुम्ही कोण अडवणाऱ्या?”