हलका लॅपटॉप आणि अंगठ्याएवढी भेग

माझा जुना लॅपटॉप ज्यांनी बनवला, त्यांनी तो उचलणाऱ्या बाईचा खांदा कधी पाहिला नसावा. बॅटरी केव्हाच मेली होती, त्यामुळे विटेसारखा चार्जरही सोबत न्यावा लागे. खांदा उतरला, तेव्हा मी तो नेणंच सोडलं. शहरात सक्करदऱ्यातल्या आमच्या घरी तो टेबलावर, प्लगला बांधल्यासारखा पडून असे. मी वही घेऊन सावनेरकडच्या वस्तीत जायची, लोक बोलायचे, मी मुद्दे टिपायची. घरी येऊन त्या मुद्द्यांच्या जबान्या टाइप करायची.

या वस्तीजवळच्या खाणीत सुरुंग उडतात आणि घरांच्या भिंती फाटतात. लोकांना घरं दुसरीकडे बांधून पाहिजेत. मागच्या वर्षी सुनावणी झाली, तेव्हा जबान्यांचा गठ्ठा मीच सुनावणी घेणाऱ्या साहेबांपुढे ठेवला होता. त्यांनी चार पानं चाळली.

“हे कोणी लिहिलं?”

“मी,” मी ताठ मानेनं सांगितलं.

“दिसतंच आहे. अख्खी वस्ती एकाच तोंडानं बोलते.” आणि गठ्ठा बाजूला सारला.

त्याच आठवड्यात मी त्यांच्याविरुद्ध पत्रक काढलं. मी पत्रकांवरच लिहायला शिकले: एक मुद्दा, एक मागणी, शेवटी उद्गारचिन्ह. त्या पत्रकात तीन होती.

यंदा पुन्हा सुनावणी लागली आणि नेमका लॅपटॉप टाइप करता करता बंद पडायला लागला. नव्यासाठी वस्तीच्या बाजूनं लढणाऱ्या आमच्या संघटनेनं थोडे पैसे दिले, उरलेले माझे. बैठकीत एक जण म्हणाला, दमदार घे, स्फोटांचे व्हिडिओ जुळवायचे आहेत. खजिनदारबाई म्हणाल्या, स्वस्त घे. हलका घे, असं फक्त माझी आई म्हणाली, आणि ती बैठकीत नव्हती. “खांदा पाह्य तुहा. एक बाजू खाली गेली वं.”

बर्डीवरच्या बाजारात लॅपटॉपच्या दुकानात गेले. दुकानदारानं विचारलं, “मॅडम, काम काय आहे तुमचं?”

“लोकांच्या जबान्या लिहिते.”

“मतलब टायपिंगच ना? मग कोणताही चालते.”

ते ‘टायपिंगच’ मला झोंबलं. “काका, तुम्ही विकून राहिले का उपकार करून राहिले?”

तो हसला आणि तीन लॅपटॉप पुढे ठेवले. एक दमदार, पण माझ्या जुन्याइतकाच जड. एक हलका, आधी कोणी वापरलेला, संथ. तिसरा हलका आणि दमदार. त्याची किंमत मात्र त्यानं घरातलं आजारपण सांगावं तशी आवाज उतरवून सांगितली. मी जडवालाच ठरवला. पत्रकं, व्हिडिओ, सगळं भरभर होईल. तसंही लिहायचं घरीच बसून.

पैसे देण्याआधी खात्री म्हणून मी पेनड्राइव्ह लावला आणि जबान्यांची फाइल उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस आणि डॉलरची चिन्हं. मराठी एक शब्द नाही.

“हे कोणत्या देशातलं आहे?” दुकानदार म्हणाला.

आमची पत्रकं छापणाऱ्या प्रेसवाल्यानं दिलेल्या फॉन्टमध्ये मी वर्षानुवर्षं टाइप करत आले होते. म्हणजे प्रेसमधलं यंत्र आणि माझं यंत्र सोडलं तर त्या जबान्या जगात कुठेच वाचता येत नव्हत्या. आम्ही चौकात ओरडायचो की जनतेचा आवाज दाबला जातो. इथं तो मीच कुलपात घालून ठेवला होता. दुकानदार म्हणाला, “फॉन्ट बदलून मिळते, पण जोडाक्षरं तुटतात. सगळं पुन्हा वाचा लागन.”

लॅपटॉप न घेताच निघाले. प्रेसमधून सगळ्या जबान्या कागदावर काढल्या आणि बस धरली. पुन्हा टाइप करायच्याच आहेत, तर ज्याच्या त्याला वाचून दाखवून करू, असं ठरवलं.

वस्तीतलं पहिलं घर एका मावशीचं. जबानी तिच्या नवऱ्याची होती. काका थंडीत वारले. मावशी तांदूळ निवडत बसली होती. मी वाचायला लागले: “माझ्या राहत्या घराच्या उत्तरेकडील भिंतीस सुमारे दोन सेंटिमीटर रुंदीची उभी भेग पडलेली असून...”

तिचा हात सुपातच थांबला. “हे कोनाचं हाय?”

“काकांचं.”

“नाही वं. तो असा कधी बोलला नाही. अंगठा कुठं गेला?”

मी कागद पुढे केला. “हा काय मावशी, खाली. शाईचा.”

“तो नाही वं!” ती उठली आणि मला भिंतीजवळ घेऊन गेली. “तो म्हने, पयले यात काडीपेटीची काडी जाये. मंग बोट गेलं. आता माहा अंगठा जाते. घालून नाही दाखवला का तुले?”

दाखवला होता. घरी जाऊन वही उघडली तर माझ्याच अक्षरात तीन शब्द होते: काडी, बोट, अंगठा. ते मी टेबलावर बसून दोन सेंटिमीटर केले होते, कारण आकडा घातला की कागद वजनदार दिसतो, असं मला शिकवलेलं. भेग मी कधी मोजलीही नव्हती. काकांनी मात्र मोजली होती, त्यांच्याजवळ जे होतं त्यानं.

साहेबांनी गठ्ठा सारला ते चूकच होतं, मी आजही तेच म्हणेन. पण ‘एकाच तोंडानं’ हे त्यांनी बरोबर वाचलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी तो वापरलेला, संथ, हलका लॅपटॉप घेतला. व्हिडिओवाला अजून टोमणे मारतो, “तुह्या डब्यावर फाइल उघडेपर्यंत चहा पिऊन होते.” होऊ दे. बॅटरी दुपारपर्यंत पुरते आणि खांद्याला कळतही नाही.

मावशीच्या ओसरीत तो मांडीवर घेऊन बसले. ती बोलत गेली, मी लिहीत गेले. मले म्हणाली तिथं मले, जाये म्हणाली तिथं जाये. शब्दाशब्दाखाली लाल रेघ उमटत होती. तिनं वाकून पाहिलं. “हे लाल काहून?”

“यंत्राला वाटते चुकलं आहे.”

“त्याले काय समजते!”

तीन वेळा वाचून घेतलं तिनं. मग शेजारीण आली आणि म्हणाली, “मंग माहीबी घे.”

सुनावणीला साहेब तेच होते. वरचाच कागद मावशीचा. ते वाचत गेले आणि मध्येच थांबले. मान वर करून विचारलं, “हे कोणी सांगितलं?”

मी सवयीनं उठायला लागले, आणि बसले. मावशी आधीच उभी राहिली होती.

“माह्या माणसानं, साहेब. तो नाही आता. मी सांगाले आली. लिवा.”