मास्तरांच्या लेकीचं ट्रायँगल

आमच्या रस्त्यावरचे शिंपीमास्तर शाळेच्या मुलांचे कपडे शिवतात आणि प्रत्येक कपड्यात आत चार बोटं जादा कापड ठेवतात. पोर उद्या वाढणारच, मग मापाला चिकटून कशाला राहायचं, असं त्यांचं म्हणणं. गल्लीतली निम्मी मुलं त्यामुळे बाह्या वर सारतच लहानाची मोठी झाली.

लेकीने कॉलेजचा अर्ज भरला, तेव्हाही मास्तरांना राहवलं नाही. तिला हव्या असलेल्या कॉलेजात जागा मोजक्या, आणि अर्जात एक रकाना होता: अभ्यासाबाहेर संगीतात काय करता, आठवड्याला किती तास? लेकीने लिहिलं, 'शाळेच्या वाद्यवृंदात ट्रायँगल, दोन तास.' म्हणजे तीन कोनांत वाकवलेली लोखंडी सळी. गेल्या कार्यक्रमाला मास्तर पहिल्या रांगेत बसून आले होते. दीड तासात लेकीने ती चार वेळा वाजवली होती.

लेक आंघोळीला गेली तेवढ्यात मास्तरांनी कॉम्प्युटरवर रकाना सजवला. व्हायोलिन, दहा तास. वाद्यवृंदात ट्रायँगलवाली ती एकटीच, म्हणून ट्रायँगलची विभागप्रमुख. आणि अर्ज पाठवूनही दिला. लेकीने जाब विचारला तर म्हणाले, व्हायोलिन आज ना उद्या शिकशीलच की.

आठवड्याभरात पत्र आलं: मुलाखतीला या, येताना व्हायोलिन आणा.

मास्तर कुठूनसं एक व्हायोलिन मागून घेऊन आले. नऊ दिवस आहेत, एखादं गाणं बसव म्हणाले. लेकीने त्याला हातही लावला नाही. बायकोने काजं करता करता नवऱ्याच्या अकलेबद्दल जे सांगायचं ते थोडक्यात सांगितलं. लेकीने त्याच दिवशी कॉलेजला कळवलं: व्हायोलिन वडिलांनी लिहिलं, मी ट्रायँगल वाजवते, तरी येऊ का? या, असं उत्तर आलं. मास्तरांनी मात्र जागा गेलीच असं धरून टाकलं.

मुलाखतीला लेक आत, मास्तर दाराबाहेर बाकावर. संगीताच्या बाईंनी वाजवून दाखव म्हटलेलं त्यांना ऐकू आलं.

"कशात वाजवू?" लेक म्हणाली. "हे एकटं नाही वाजत."

मग बाईच पियानोवर बसल्या. सूर सुरू झाले, लांबतच गेले. लेकीच्या ट्रायँगलचा पत्ता नाही. विसरली बहुतेक, असं मास्तरांनी शेजारच्या अनोळखी बापाला सांगूनही टाकलं. तेवढ्यात एकदाच, स्वच्छ, टिंग. पियानो थांबला आणि आत कुणीतरी खूश होऊन हसलं.

बाई बाहेर आल्या. घेतलं हिला, म्हणाल्या, आणि इतकं थांबायला तुम्ही शिकवलंत का, असं त्यांनी विचारलं.

मास्तरांच्या ओठांवर 'हो' आलंच होतं.

"नाही," ते म्हणाले. "ते तिच्या आईचं."

घरी आल्या आल्या त्यांनी हे बायकोला सांगितलं. तिने दाताने दोरा तोडला.

"कळायला वीस वर्षं लागली," ती म्हणाली. "आता चहा ठेवा."