मागच्या दिव्याचा चौथा स्क्रू

नव्या छोट्या गाड्या बाजारात आल्या आणि लोक जुन्या काढून टाकू लागले. तशीच एक जुनी गाडी बाबांनी निवृत्तीनंतर घेतली. तिचा मागचा दिवा लागेना. बल्ब बदलायचा तर लाल काच काढायला हवी, आणि काचेचे चारही स्क्रू गंजलेले.

बाबांना घाई नव्हती. रोज संध्याकाळी आईच्या शिलाई मशीनचं तेल आणून ते प्रत्येक स्क्रूच्या कडेला एकेक थेंब सोडत. मग पेचकस लावून आधी किंचित आवळत, नंतर उलटा फिरवत. तीन स्क्रू असेच निघाले. चौथ्यापाशी ते थांबले. म्हणाले, आज नको म्हणतोय, उद्या बघू.

त्या दिवसांत त्यांच्या हातातला कप जरा किणकिणायचा. बशीला घुंगरू बांधलेत, असं आई म्हणायची आणि तेही हसायचे. पण तेलाचा थेंब कधी बाहेर पडलेला मी पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते फिरायला गेले असताना मी पेचकस घेतला. मी कॉलेजात शिकवत होतो; घरातलं एखादं काम मलाही जमतं, हे त्यांना दाखवायचं होतं. न आवळता सरळ उलटा जोर लावला. पेचकस घसरला. पुन्हा लावला, पुन्हा घसरला. खाच पार गुळगुळीत झाली. पेचकस जागेवर ठेवून मी आत येऊन पुस्तक उघडलं.

बाबा परतले. चष्मा लावून वाकले, स्क्रूवरून बोट फिरवलं.

"काल माझाच हात हलला वाटतं," ते खिडकीतून म्हणाले.

मी पान उलटलं. "असेल," म्हटलं.

फ्रीगंजच्या मेकॅनिकने ड्रिल लावून स्क्रू काढला. मी शेजारीच उभा होतो. "बाऊजी, अब ये काम हमारे लिए छोड़ दो," तो प्रेमाने म्हणाला.

"छोड़ दिया," बाबा म्हणाले.

आणि खरंच सोडलं. आधी पेचकस, मग घरातले नळ, फ्यूज. वर्षभरात गाडी चालवणंही. आपण कुणाला तरी ठोकू, असं त्यांना वाटू लागलं होतं. खरं सांगायला माझ्यापाशी ते अख्खं वर्ष होतं. त्यानंतरचीही बरीच होती.

गेल्या महिन्यात बाबा गेले. भेटायला येणाऱ्यांना आई त्यांच्या गोष्टी सांगायची. एका दुपारी तिने स्क्रूची सांगितली. त्यांचं त्यांनाच कळलं होतं हो, हात चालत नाही ते. कुणाला सांगायची वेळच आणली नाही, असं ती कौतुकाने म्हणाली. मग माझ्याकडे वळली.

"तू होतास ना रे तेव्हा?"

सगळे माझ्याकडे पाहत होते.

"हो," मी म्हटलं, आणि पाणी आणायला आत गेलो.