म्हैस नसलेल्या घरातला गोठा

पोलिसाच्या नोकरीतून मी मोकळा झालो, पण त्या घटनेने मला अजून मोकळं केलेलं नाही. चिखली तालुक्यातलं, अमडापूरच्या बाजाराला जाणारं एक मोठं गाव. नावं कुणाचीच सांगणार नाही. ती माणसं अजून तिथेच राहतात आणि त्यांना रोज एकमेकांची तोंडं पाहायची आहेत.

एक शेतकरी बाप ठाण्यात आला. मुलीचा साखरपुडा झालेला, लग्नाची तारीख धरलेली. कुणीतरी तिच्या नावाने खोटं खातं उघडून होणाऱ्या सासरच्यांना घाणेरडे संदेश पाठवले होते. वरपक्ष बिथरला होता. अनोळखी इसमाविरुद्ध गुन्हा दाखल करून घेतला आणि कागद सायबर सेलकडे पाठवले. उत्तर आलं की संदेश त्याच गावातल्या एका इंटरनेट जोडणीवरून गेलेत. जोडणी कुणाची, तर पाण्याच्या जळालेल्या मोटरींत नव्या तारा भरून देणाऱ्या एका कारागिराची.

कारागीर मुसलमान, मुलगी हिंदू घरची. पुढचं वाचकांना सांगायला नको. भिंतीला कान असतात म्हणतात. आमच्या ठाण्यात ते चहावाल्याला होते. आम्ही पत्राची घडी मोडतोय तोवर बातमी चौकात. फाटकाबाहेर पोरं जमू लागली आणि ‘नाव सांगा’ म्हणून फोन वाजू लागले.

कारागिराच्या घरात नेट, कॉम्प्युटर कळणारा एकच माणूस, त्याचा पदवीधर मुलगा. त्याची नुकतीच सरकारी नोकरीत निवड झाली होती आणि चारित्र्य पडताळणीचे कागद माझ्याच टेबलावर पडले होते. गुन्ह्यात नाव आलं की नोकरी गेली. बाहेरची गर्दी पाहता नुसत्या नोकरीवर निभावलं तरी पुष्कळ, असं मला वाटत होतं.

बापलेकाला समोर बसवलं.

“जोडणी कोण कोण वापरतं?”

“आमीच, साहेब.”

“अजून कुणी?”

मुलाने बापाकडे पाहिलं, बापाने जमिनीकडे.

“नाही साहेब.”

बाकी प्रश्नांना मुलगा खटाखट उत्तरं देत होता. मोबाईलही त्याने मागताच काढून दिला, त्यात काही सापडलं नाही. पण ‘अजून कुणी’ म्हटलं की तो चाचरायचा. मी चार वेळा विचारलं, चारही वेळा तेच.

हवालदार कानाशी आला. “साहेब, हा पोट्टा लपवून राह्यला. दोन ठेवून देऊ काय?”

“ठेवायचेच असतील तर ते चहाचे कप बाहेर नेऊन ठेव,” मी म्हणालो.

वरिष्ठांचा फोन आला. अटक दाखवा, वातावरण निवळेल. मी म्हणालो, सर, यात घर कळलंय, घरातला माणूस नाही. संध्याकाळपर्यंत वेळ द्या. वेळ मिळाला, पण बाहेरून एक दगड आला असता तर त्या मुदतीला काही अर्थ उरला नसता.

बापलेकाला जीपमध्ये घातलं, पंच घेतले आणि त्यांच्या घरी गेलो. पुढे कारखाना, मागे दोन खोल्या. राउटर जप्त केला. पंचनामा लिहून होत आला तेव्हा कारखान्यातल्या टीव्हीवर माझी नजर गेली. पडद्यावर चार काळ्या चौकटी होत्या. कॅमेऱ्यांचं चित्र बंद होतं, पण एका चौकटीखाली इंग्रजी अक्षरांत ‘गोठा’ असं दिसत होतं.

या घरात म्हैस सोडा, कोंबडीसुद्धा नव्हती.

“चाचा, म्हैस कुठाय?”

“कोनती म्हैस, साहेब?”

“या गोठ्यातली.”

म्हातारा खाली बसला तो उठेना. मुलाच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात दारातल्या गर्दीतून शेजारचा शेतकरी आत घुसला आणि त्याने माझ्यापुढे हात जोडले.

“साहेब, याईले काही करू नका. तार म्या तोडली. गुन्हा माहा हाये.”

मग सगळं बाहेर आलं. विहिरीवरची मोटर चोरीला गेल्यापासून शेतकऱ्याने गोठ्यात, अंगणात कॅमेरे लावले होते. तो दिवसभर शेतात, चाचा दिवसभर कारखान्यात. म्हणून चाचाच्या पोराने बोळीवरून केबल ओढून दोन्ही घरांची नेटवर्कं एक केली. इकडचं इंटरनेट तिकडे गेलं, तिकडचा गोठा इकडे दिसू लागला. विरजण आणि शीरखुर्मा ज्या बोळीतून ये-जा करत, त्याच बोळीवरून ही तार गेली होती.

“मग लपवलीत कशाला?”

“साहेब, मांडवाले शेजाऱ्याच्या मीटरवरून लाईट देल्ली तर वीजवाल्या पथकानं केस केली ना गावात! याईले न्यायले तुमची जीप आली, मले वाटलं याच्यासाठीच आली. तार तोडली अन् कुटारात खुपसली.”

मी मुलाकडे वळलो. “आणि तू? शिकलेला ना तू?”

“एक गुन्हा अंगावर येऊनच राह्यला होता, साहेब. तारेचा कबूल केला असता तर काकाबी आत गेले असते. त्याइले काऊन ओढू?”

मला हसावं की कपाळावर हात मारावा, कळेना. शेजाऱ्याला नेट दिलं म्हणून कंपनी फार तर कुरकुर करेल, तुरुंगात कोणी जात नाही. ज्या तारेने हा पोरगा सुटला असता, तीच तार दोन घरांनी मिळून गुरांच्या भुशात दडवली होती.

“आता सांगा, संदेश गेले तेव्हा तुमच्या घरी कोण होतं?” मी शेतकऱ्याला विचारलं.

त्याचं तोंड उतरलं. त्याने दाराकडे पाहिलं. बोलली ती दारात उभी असलेली त्याची बायको.

“माहा भाऊ होता, साहेब. त्यानं याच पोरीले मागणी घातली होती, तिच्या घरच्याइनं नाही म्हटलं. अजून हाये तो. आमच्याच माडीवर हाये.”

पदर तोंडाला लावून ती बाजूला झाली आणि तिने आम्हाला वाट दिली. तिच्या भावाच्या मोबाईलवर ते खोटं खातं अजून उघडं होतं. त्याने फार वेळ घेतला नाही, कबूल केलं.

त्या संध्याकाळी कारागिराचा मुलगा भर चौकातून चहा प्यायला गेला. शेजारच्या शेतकऱ्याने त्याच्या खांद्यावर हात टाकला होता. जमलेली पोरं एकेक करून पांगली. पडताळणीच्या कागदावर मी ‘काही आक्षेपार्ह नाही’ असं लिहिलं. इतकी सुखाने सही मी क्वचितच केली असेल.

चाचरणारा माणूस गुन्हेगारच, असं आमच्या खात्यात पुष्कळांना वाटतं. मीही बरीच वर्षं तसंच मानत आलो. पण माणूस भलत्याच गोष्टीला भीत असतो आणि खरी गोष्ट तिच्याखाली दबून जाते. त्या दिवसापासून ‘काय केलंस’ विचारण्याआधी मी ‘भितोस कशाला’ हे विचारू लागलो. त्याने पुष्कळ गुंते सुटले.

पुढे त्या गावावरून जाताना मुद्दाम कारखान्यात डोकावलो. बोळीवर तार पुन्हा चढली होती. टीव्हीवर गोठा दिसत होता, म्हैस रवंथ करत होती. शेजारच्या चौकटीत एक जिना होता.

“हे काय, चाचा?”

“माडीचा जिना, साहेब. वहिनीनंच कॅमेरा लावायले लावला. म्हने, माह्या घरात कोन येते, कोन जाते, थे आता तुमालेबी दिसलं पाह्यजे.”

जिना रिकामा होता. तिचा भाऊ जामिनावर केव्हाच सुटला होता, पण बहिणीच्या घरची पायरी तो पुन्हा चढला नाही.