आबांनी कापलेला पट्टा

लग्न होऊन मी कोळवणच्या वरच्या आमच्या वाडीतून निघाले, तेव्हा आईने मला जवळ घेतलं नाही. हात पदरात गुंडाळून जीपपाशी नुसती उभी राहिली. वाडीतल्या बायका ते अजून विसरलेल्या नाहीत. आता तर म्हणतात, लेकीने आईला पळवली. म्हणून हे त्यांच्यासाठी लिहिते आहे, आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांसाठीही.

माझा धाकटा भाऊ नुकता चालायला लागला होता. पौडहून येताना तो पुढच्या सीटवर आईच्या मांडीवर होता. उतारावर जीप झाडावर आदळली आणि तो तिच्या हातांतून उडून काचेवर गेला. दवाखान्यात पोचेपर्यंत तो वाचला नाही. मी मागे होते. काचेवरचं ते रक्त मला अजून दिसतं. दवाखान्याच्या दारात आबांनी, माझ्या वडिलांनी, सगळ्यांदेखत आईच्या थोबाडीत मारली. "तुज्या हातनं सुटलं," म्हणाले. पुढे कित्येक वर्षं ते तिला मारत राहिले, आणि मारायचे ते हातांवरच. आमच्याकडे बारशाला 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' म्हणत बायका पाळण्याच्या वरून-खालून बाळ एकमेकींच्या हातात देतात. त्या अपघातानंतर आईच्या हातात कुणी बाळ दिलं नाही. तीही पुढे झाली नाही.

मला सासरी, बावधनला, मुलगी झाली. लस द्यायला नेली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गाडीत कशी आणता? मी म्हटलं, मांडीवर, घट्ट धरून. त्यांनी मलाच झापलं. गाडी आदळली की एवढंसं मूल पोत्यासारखं जड होतं, पैलवानाच्या हातांनाही धरवत नाही. लहान मुलांची वेगळी सीट मिळते, ती मागच्या बाकावर पक्की बांधायची, मुलाचं तोंड मागच्या काचेकडे, पट्टा अंगाला बसता. मी मान हलवत होते, पण डोळ्यांसमोर आईचे काळेनिळे हात होते. घरी येऊन मी हातातला डबा भिंतीवर भिरकावला. नवऱ्याला कळेना, डॉक्टरांचा एवढा राग कशाला.

यंदा वाडीच्या जत्रेहून निघताना मुलगी आमच्या गाडीत, तशाच सीटमध्ये रडायला लागली. ती नेहमीच थोडी रडते, मग झोपते. पण आमच्या वाडीत वासराच्या गळ्याला दावं आवळलं की गाठ सोडत बसत नाहीत, कोयत्याने तोडतात. आबांनी तेच केलं. दार उघडून दोन्ही पट्टे कापले आणि पोरीला माझ्या अंगावर टाकलं.

"लेकरू हाय का जनावर? घे मांडीवर. मोच्याकडनं शिवून घे मागनं."

शिवलेला पट्टा पहिल्याच धक्क्याला उसवतो. मुलगी नवऱ्याकडे दिली आणि आबांच्या छातीवर दोन्ही मुठींनी मारत सुटले. सख्ख्या बापाला मारलं, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

"आईनं सोडलं न्हवतं त्याला. कुनालाच धरवलं नसतं. तुमालाबी न्हाई."

त्यांनी हात उगारला. तो आईने मनगटात पकडला. आयुष्यात पहिल्यांदा.

"मी धरला हुता," ती म्हणाली. "दवाखान्यात बगितलं, माज्या नखांत त्याच्या अंगड्याचं दोरं हुतं. तुमी इचारलं न्हाई कदी."

आबा चाकाला टेकून खाली बसले. माफी मागितली नाही. नवरा एकटाच बावधनला गेला आणि दुसऱ्या दिवशी नवी सीट घेऊन आला. तोवर आईने गाठोडं बांधलं होतं. ती सीटच्या शेजारी बसली. पट्ट्याखाली बोट घालून, ओढून बघायला मी तिला शिकवलं.

आबांनी विचारलं, "आनि मला भाकरी कोन करायचं?"

"हात हायेत की तुमाला," आई म्हणाली.

वाडीतल्या बायांनो, आईला पळवली नाही. माझं घर आता बावधनला, तिसऱ्या मजल्यावर. तिथे आई नातीला कडेवर घेऊन फिरते, आणि पोरीला तिच्या हातातून कुणी काढून घेत नाही.